रस्त्याकडची भिंत

भिंत नको म्हणून मी जेवढी भांडले, तेवढी माझ्या लग्नात मानपानावरून दोन्हीकडची वऱ्हाडंही भांडली नसतील. आणि भांडण कुणाशी, तर घरच्याच माणसाशी. आमचे हे म्हणायचे, रस्त्याच्या बाजूला नुसती भिंत पाहिजे, बोट जाईल एवढंसुद्धा भोक नको. मी म्हणायची, खिडकी पाहिजे, कट्टा पाहिजे, माणसाला माणूस दिसला पाहिजे. इमारत अजून जमिनीतून वर आली नव्हती बरं का! नुसत्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढलेल्या होत्या, आणि त्या रेघांवर उभं राहून आम्ही एकमेकांच्या अंगावर जात होतो.

ही गोष्ट हुमनाबादची. निजामी राज्य शेवटाला आलं होतं तेव्हाची. शेवटाला आलं होतं हे आता म्हणायचं, तेव्हा कुणाला काय ठाऊक! तेव्हा एवढंच ठाऊक होतं की खाकी घातलेली, भाले-बंदुका घेतलेली माणसं गावोगाव फिरतात, ज्वारीची पेवं उघडतात, आणि ज्याला उचलून नेतात तो परत येईलच याचा भरवसा नाही. रोज कुठल्या ना कुठल्या गावाचं नाव कानावर यायचं. नाव ऐकलं की आधी तिथं आपलं कोण आहे ते आठवायचं आणि मग रडायचं की नाही ते ठरवायचं.

आम्ही मूळचे कमठाण्याकडच्या एका खेड्यातले, गळ्यात लिंग बांधणारी शेतकरी माणसं. घरात कानडी, दारात मराठी, बाजारात उर्दू, अशी आमची तऱ्हा. एका दुपारी हे जेवायला बसले होते आणि मी चुलीपुढं होते. रस्त्याकडच्या खिडकीच्या गजांतून बंदुकीची नळी आत आली. बाहेरच्यानं पाटलाचं घर कुठं ते विचारलं, ह्यांचा पांढराफटक चेहरा बघून खदाखदा हसला आणि निघून गेला. झालं एवढंच. पण हातातला घास ह्यांनी परत ताटात ठेवला, आणि त्या दिवसापासून खिडकीसमोर म्हणून कधी बसले नाहीत. भिंतीला पाठ लावायची, दाराकडं बघत जेवायचं. जेवायचं तरी काय, चार घास चिवडायचे. चांगला धडधाकट गडी माझ्या डोळ्यांदेखत वाळायला लागला. मला रागही यायचा आणि भीतीही वाटायची. बंदुकीवाले नेतील तेव्हा नेतील, त्याआधी ही भीतीच ह्यांना नेईल असं मला वाटायचं.

मग आम्ही गाव सोडलं आणि हुमनाबादला अप्पांकडं आलो. अप्पा म्हणजे आमची ज्वारी ज्यांच्या आडतीला जायची ते व्यापारी. आमच्यासारखी पळून आलेली बरीच घरं त्यांच्या गोदामात पोत्यांच्या आडोशानं राहत होती. अप्पांनी सोलापूरला मिलच्या चाळी बघितल्या होत्या. तशीच एक इमारत इथं बांधायचं त्यांच्या मनात आलं: खाली खोल्या, वर माडी, मधे चौक, सगळी बिऱ्हाडं एका आवारात. जागा बाजाराच्या टोकाला, कल्याणीकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून होती. ह्यांना मोजमाप कळायचं, म्हणून देखरेख अप्पांनी ह्यांच्याकडं दिली. वरच्या माडीवरून, चौकावरून, आडावरून काही वाद झाला नाही. सगळा वाद पेटला तो रस्त्याला लागून काय असावं यावर.

अप्पांना तिथं दुकानाचे गाळे हवे होते, फळ्या लावायचे. व्यापारी माणूस, त्यांना दुसरं काय सुचणार! मला खिडकी हवी होती. गोदामाच्या दारात बसून मी कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी विकायची. मोटारीची वाट बघणारी माणसं फडक्यात बांधून न्यायची. त्यावर आमचं दोघांचं पोट चालायचं, कारण हे बाजारात जायलाच तयार नसत.

"अप्पा, दुकान म्हंजे दार. दार म्हंजे माणूस आत येनार," हे म्हणाले. "सरळ भिंत घ्या. हत्तीनं धडक दिली तरी हलू ने आसली."

"आन् आपुन आत काय पेवातल्या ज्वारीवानी पडून ऱ्हायाचं व्हय?" मी म्हणाले. "कामून येवढं भ्यायलाव? कट्ट्यावर चार मानसं बसल्याली आसली तर येनारा धा वेळा इच्यार करतंय."

"चार मानसं बसल्याली आसली तर चारीबी मरतेत."

यावर काय बोलणार, कपाळ! मिस्त्री बिचारा दोरीचं टोक हातात धरून कधी ह्यांच्याकडं बघायचा, कधी माझ्याकडं. बायका अशा बाप्यांच्या बोलण्यात तोंड घालत नसत तेव्हा, पण माझ्या तोंडाला कुणी झाकण करू शकलं नाही. अप्पांची थोरली विधवा बहीण तेवढी मला दटावायची. तिला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. आवारात देवाधर्माचं, रीतिरिवाजाचं जे काही असेल ते तिच्या शब्दानं चालायचं.

अक्का म्हणाली, "भिंत बांदा, न्हाई तर गाळे काढा, मला काय त्येचं. पर पुढचं दार येक आन् मागचं दार येक पायजे. दिवेलागनीला मागचं लावायचं आन् पुढचं उघडायचं. त्येच्याबिगर घर कसलं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. ह्यांनीसुद्धा. लक्ष्मी दिवेलागणीला पुढच्या दारानं येते, आणि मागचं उघडं असलं तर तिकडून निघून जाते, हे आमच्यात तान्ह्या पोरालाही ठाऊक. मागं ओढा होता, ओढ्यापलीकडं रानं. वेळ आली तर मागच्या दारानं पळता येईल असा ह्यांनी वर आणखी हिशेब मांडला. दारांवरून वाद झालाच नाही.

वाद पुन्हा भिंतीवर आला, तेव्हा समोरचा चाचा रस्ता ओलांडून आला. चाचा म्हणजे म्हातारा नालबंद. त्याचा भाता आणि ऐरण आमच्या जागेच्या अगदी समोर. दिवसभर बैल पाडायचे, खुरांना पत्र्या ठोकायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारायच्या. त्यानं फक्कीच्या रेघा बघितल्या, दाढी खाजवली आणि म्हणाला, "कट्टा बना देव अप्पा, मेरे गिराकां बी बैठतें. पूरी दिवार खडी करे तो मैं दिनभर क्या देखूं?"

आम्ही हसलो. हे हसले नाहीत. चाचा गेल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "त्येला आत बघायचंय. त्यो त्येंच्यातलाच हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमास्नी हिवताप भरला तवा डाक्टराकडं न्यायला गाडी कुनी जुंपली? त्येनंच नव्हं? आन् आता त्यो त्येंच्यातला!"

"तवाची गोष्ट निराळी. आता कुनाच्या मनात काय आसंल, सांगता येतंय व्हय?"

खरंच सांगता येत नव्हतं. आणि वाईट असं की ती गोष्ट माझ्याही मनात शिरली. चाचा हातोडा थांबवून आमच्या बाजूला बघत राहिला की मी मान फिरवायची. हाच चाचा, ज्याला मी सकाळी गरम भाकरी नेऊन द्यायची! भीती अशी एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला लागते. मला ह्यांचा राग यायचा, माझा यायचा आणि त्या खदाखदा हसणाऱ्या बंदुकीवाल्याचा तर असा यायचा की दात करकरायचे.

शेवटी निकाल लागला तो कुणाच्या बोलण्यानं नाही. एका दुपारी आम्ही सगळे जागेवर होतो. मी अप्पांना जवळजवळ पटवत आणलं होतं की निदान माझ्या खोलीला एक खिडकी ठेवा, गजांची का असेना. तेवढ्यात कल्याणीच्या बाजूनं लॉरी आली. आत खाकीवाले दाटीवाटीनं उभे, घोषणा देत चाललेले. लॉरी थांबली नाही, कुणी आमच्याकडं बघितलंही नाही. धूळ उडाली आणि गेली. मी वळून बघितलं तर हे दगडांच्या ढिगामागं, फक्कीच्या रेघेवर, उकिडवे बसलेले. दोन्ही हात डोक्यावर. सगळ्यांनी बघितलं.

अप्पा मिस्त्रीला म्हणाले, "भिंत घ्या."

ह्यांच्या धोतराला मागून पांढरी फक्की लागली होती आणि ती झटकायचंही त्यांना सुचत नव्हतं. मी गेले आणि झटकली.

भिंत झाली. बिदरकडचा तांबडा दगड, घाण्यावर मळलेला चुना, आणि रुंदी अशी की वर माणूस आडवा झोपावा. रस्त्याच्या बाजूला एकच दार, खिळे ठोकलेलं, दोन फळ्यांचं. खरं सांगते, भिंत एकेक थर चढत गेली तसं ह्यांच्या तोंडावर पाणी चढत गेलं. परत भूक लागायला लागली. मिस्त्रीवर ओरडायचे, दगडावर हात फिरवायचे. मी चिडवायची, "आता त्या भिंतीसंगंच लगीन लावून घ्या, मी जाते माह्यारी." ते हसायचे. ते हसणं बघायला मी किती दिवस तरसले होते! म्हटलं, जाऊ दे खिडकी. नवरा जेवतोय, हसतोय, आणखी काय पाहिजे?

राहायला गेलो आणि मग कळलं. आत दिवसाढवळ्या अंधार. रस्ता दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. घोड्याची टाप वाजली की जीव कानात. मोटार आली की सगळा चौक गप्प, बायका पोरांच्या तोंडावर हात ठेवायच्या. थांबली का? नाही थांबली. उतरले का कुणी? चालायलेत का? ही चाहूल कुणाची? पूर्वी मान वळवून बघितलं की कळायचं, दूधवाला आहे का मौत आहे. आता प्रत्येक चाहूल मौतच. दारावर थाप पडली की आधी फटीतून बघायचं, मग नाव विचारायचं, मग कडी काढायची. माझा भाकऱ्यांचा धंदा बसला. हे दारात बसू देत नव्हते, आणि आतून विकायच्या कुणाला?

एक दिवस मी चाचाच्या दुकानावरून जात होते. त्यानं हाक मारली आणि हळूच म्हणाला, "बेटी, लोगां पूछतें, इत्ती उंची दिवार काय को? अंदर क्या है बोलके."

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. म्हणाले, "पुसू दे. पुसून पुसून थकतेत."

पण बाहेरच्यांना आपली भीती दिसत नाही, भिंत तेवढी दिसते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मी अप्पांना सांगणार होते, पण अप्पा अफजलपूरला सोयरिकीच्या कामाला गेले होते. आले की सांगू म्हटलं.

आणि अक्काची दिवेलागण चालूच होती. रोज उन्हं गेली की अक्का चौकात झाडून घ्यायची, मागच्या दाराला अडसर घालायची आणि पुढच्या दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडून उंबऱ्याशी दिवा ठेवायची. दिवसभर कडीकोयंड्यात जगणारी आम्ही सगळी माणसं, पळायची वाट बंद करून यायची वाट उघडी टाकत होतो. रोज. हात जोडून. ज्यांनी बोट जाईल एवढं भोक ठेवू दिलं नाही ते आमचे हे, तेसुद्धा दिव्याला नमस्कार करून उघड्या दाराकडं पाठ फिरवत होते. ह्याला काय म्हणावं? आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. येणार कसं? दिवेलागणीला दार लावणं हे आमच्या हातांना ठाऊकच नव्हतं.

ते आले तेव्हा दिवा नुकताच लावला होता. मोटार नव्हती, घोडे नव्हते, बंदुका घोंगड्यांखाली झाकून बाजाराच्या गर्दीतून चालत आले. एकेक करून उंबरा ओलांडला, आणि शेवटच्यानं वळून दोन्ही फळ्या लावल्या आणि आतून अडणा सरकवला. आमच्याच दाराचा. मग चौकात अशी शांतता झाली की मला तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला आणि तरी पाय उचलेना.

माणसं मागच्या दाराकडं पळाली. तिथं अडसर. घाईघाईत तो तिरका झाला आणि अडकून बसला. तोवर दोघं बंदूकवाले तिथं जाऊन उभे राहिले. आम्हा सगळ्यांना चौकात बसवलं. खोल्यांतून सगळं बाहेर काढलं. वाकळा, पत्र्याच्या पेट्या, पिठाचे डबे, माझ्या भाकऱ्यांची चवड. काय शोधत होते कुणास ठाऊक. बंदुका असतील, चळवळीचे परचे असतील, कुणी लपवलेला असेल. आमच्याकडं होतं काय? काहीच नव्हतं. काहीच सापडलं नाही म्हणून त्यांचा म्होरक्या आणखीच भडकला. भिंतीवर बंदुकीचा दस्ता आपटून त्यानं विचारलं, "ये किल्ला किसने उठाया?"

कुणी बोट दाखवलं नाही, ते मी शपथेवर सांगेन. पण सगळ्यांच्या नजरा ह्यांच्याकडं गेल्या. अक्काची गेली, माडीचं राहिलेलं काम करायला आलेल्या मिस्त्रीची गेली. भ्यालेल्या माणसाची नजर त्याच्या ताब्यात नसते, मी कुणाला दोष देत नाही. मी तेवढी खाली फरशीकडं बघत होते, कारण आता काय होणार ते मला समजलं होतं.

हे उठून उभे राहिले. लॉरी बघून उकिडवा बसणारा माझा माणूस. म्हणाले, "मैं बोल्या साब. डर लगता था, इस वास्ते."

म्होरक्या हसला. "डरनेवाला इत्ती बडी दिवार नहीं उठाता," म्हणाला. "चल."

मी धावले. ह्यांचा दंड दोन्ही हातांनी धरला. कुणीतरी दस्त्यानं माझ्या खांद्यावर हाणलं आणि मी पडले. पडल्या पडल्या बोंबलले, "चाचा! ओ चाचा!" बाहेर चाचाच्या हातोड्याचा आवाज येत होता. मला त्याचा येत होता, त्याला माझा जात नव्हता. एवढ्या दगडातून जाणार कसा? पुढच्या दाराशी गेलेल्याला म्होरक्यानं थांबवलं. रस्त्यावर बाजार उठत होता, माणसं होती. "पिछे से," तो म्हणाला. त्यांनी लाथा मारून अडसर काढला. जाताना हे माझ्याकडं वळले. एवढंच म्हणाले, "पुढचं दार उघडू नगं."

मी उघडलं. ते गेल्या गेल्या अडणा काढून रस्त्यावर धावले, अंगावरच्या पदराचं भान नव्हतं. आणि रस्त्यावर काय, तर सगळं रोजच्यासारखं! गाड्या परतायल्या होत्या, कुणी तंबाखू मळत बसलेला, चाचापुढं एक बैल पाडलेला. मी चाचाचा हातच धरला. "चाचा, नेलं ओ ह्यांना! कुटं नेलं? कुनीकडं गेले?"

चाचानं आमच्या भिंतीकडं बघितलं. "बेटी," म्हणाला, "मैं तो यहींच बैठा था. मेरे कू दिवार इच दिखी."

त्यानं बैल तसाच टाकला, कंदील घेतला आणि त्या वयात माझ्यापुढं धावत सुटला. आम्ही भिंतीला वळसा घालून मागं ओढ्यावर गेलो. चिखलात गुरांच्या खुरांची गर्दी, त्यात माणसाचं पाऊल कुठलं ओळखणार? वर गेले का खाली गेले, पलीकडच्या रानात शिरले का, काही कळेना. चाचा ह्यांच्या नावानं हाका मारत होता. ज्याला ह्यांनी त्यांच्यातला म्हटलं होतं, तो.

पुढं फौजा आल्या, निजामी राज्य गेलं, गावोगाव गुढ्या उभारल्या. पळालेली माणसं परतली. हे परतले नाहीत. चौकशीला जो येई तो मला एकच विचारी: बाई, कुणीकडं नेलं, चालत नेलं का गाडीत घातलं, कुणी बघितलं का? भरल्या बाजाराच्या तोंडावर राहणारा माणूस दिवेलागणीला नेला, आणि बघितलेला माणूस एक नाही. सांगणार काय मी, कपाळ माझं!

एका सकाळी मी अप्पांच्या गोदामातून लोखंडी सब्बल उचलून आणली आणि भिंतीवर घाव घालायला लागले. दगड हलेना. माझे हात सोलले. अप्पा आले, बघत उभे राहिले, मला थांबवलं नाही. मिस्त्रीला निरोप धाडला. मिस्त्रीनं माझ्या हातातली सब्बल काढून घेतली आणि चुन्याचे सांधे मोकळे करत नीट एक चौकट पाडली. गज बसवू का म्हणून विचारलं. मी नको म्हणाले.

त्या खिडकीत बसून मी पुढं म्हातारी होईपर्यंत भाकऱ्या विकल्या. तिथून कल्याणीचा रस्ता पार वळणापर्यंत दिसतो, येणारा-जाणारा एकही माणूस नजरेतून सुटत नाही. पण ह्यांना मागच्या दारानं नेलं होतं.